किंकी फ्रीडमन: सोंग गाण्यात चाललं, मतपत्रिकेवर का अडलं?

२७ जून २०२४ रोजी टेक्सासातल्या मेडिना गावाजवळच्या कौटुंबिक रँचवर किंकी फ्रीडमन वारला. वय ७९, आजार पार्किन्सन्सचा. मागे राहिला तो चमत्कारिक पसारा: कंट्री गाण्यांचे अल्बम, डझनाहून जास्त रहस्यकथा, बिल क्लिंटन आणि जॉर्ज डब्ल्यू. बुश अशा एकमेकांविरुद्धच्या पक्षांतल्या दोन राष्ट्राध्यक्षांशी दोस्ती, आणि २००६ साली टेक्सासच्या गव्हर्नरपदासाठी अपक्ष म्हणून मिळवलेली साडेपाच लाखांच्या आसपास मतं.

हे वाचून 'गमत्या माणूस, हौसेखातर उभा राहिला असेल' असं म्हणून पान उलटता येतं. पण त्याचा विनोद कसा चालायचा आणि टेक्सासची निवडणूक कशी चालते, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं की एक गंमत कळते. ज्या सोंगाने गाण्यात टाळ्या मिळवल्या, तेच सोंग मतपत्रिकेपाशी येऊन अडलं. कसं, ते पाहू.

## आधी दोन शब्द

अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. आपला राज्यपाल नेमलेला असतो. तिकडचा गव्हर्नर लोक थेट निवडतात आणि राज्याचा कारभार त्याच्या हाती असतो. मुख्यमंत्र्याच्या जवळ जाणारं पद, फक्त आमदारांच्या बहुमतावर न टिकणारं.

दुसरा शब्द 'कंट्री'. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, मुख्यतः गोऱ्या ग्रामीण लोकांमध्ये वाढलेला हा गाण्यांचा प्रकार. फिडल, गिटार, स्टील गिटारचा लांबत जाणारा सूर, आणि गाण्यात बहुतेक वेळा एक गोष्ट: सुटलेलं प्रेम, दारू, ट्रक, तुरुंग, देव, आई. गोष्ट सांगणारा 'मी' या गाण्यांत फार महत्त्वाचा. किंकीची सगळी कारागिरी या 'मी'भोवती आहे.

## ज्यू आणि काउबॉय, एकाच अंगरख्यात

त्याचं खरं नाव रिचर्ड सॅमेट फ्रीडमन. जन्म १ नोव्हेंबर १९४४, शिकागोत. पण तो लहान असतानाच कुटुंब टेक्सासात आलं. वडील मानसशास्त्राचे प्राध्यापक. टेक्सासच्या डोंगराळ भागात आईवडिलांनी जमीन घेऊन मुलांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केलं, त्याचं नाव एको हिल रँच. सात वर्षांचा असताना ह्यूस्टनमध्ये बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर सॅम्युएल रेशेव्हस्की एकाच वेळी पन्नास जणांशी खेळला, त्या पन्नासांत सगळ्यांत लहान हा होता. हरला, अर्थातच.

'किंकी' हे नाव कॉलेजातल्या मित्राने दिलेलं, डोक्यावरच्या घट्ट कुरळ्या केसांवरून. इंग्रजीत या शब्दाला चावट अर्थही आहे, आणि तो जन्मभर वापरून घ्यायला याने मागेपुढे पाहिलं नाही.

टेक्सासात ज्यू कुठून आले, हा प्रश्न आपल्याकडे पडायला नको. कोकणातले बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत, मराठी बोलत राहिले. तसेच टेक्सासचे ज्यू टेक्सन हेलात बोलतात. १९०७ ते १९१४ या काळात एका योजनेतून सुमारे दहा हजार ज्यू न्यूयॉर्कऐवजी टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरात उतरवले गेले होते. तरीही 'ज्यू काउबॉय' हे शब्द एकत्र ऐकले की टेक्सन माणसाला हसू फुटायचं. किंकीने त्या हसण्यालाच भांडवल केलं.

१९६६ साली टेक्सास विद्यापीठाची पदवी घेऊन तो पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून बोर्निओतल्या सारावाक प्रांतात गेला. काम शेतीविस्ताराचं. दोन हजार वर्षं उत्तम शेती करत आलेल्या लोकांना शेती शिकवायला आपल्याला पाठवलं होतं, असं तो पुढे सांगत फिरायचा.

परतल्यावर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बँड काढला: किंकी फ्रीडमन अँड द टेक्सास ज्यूबॉइज. टेक्सासात बॉब विल्सचा 'टेक्सास प्लेबॉइज' हा बँड घराघरांत माहीत होता; त्या नावावरची ही कोटी. 'ज्यूबॉय' ही ज्यूंना हिणवायची शिवी. ती पाटीवर स्वतःच रंगवून टाकली, म्हणजे दुसऱ्याने द्यायला शिल्लक राहिली नाही.

## गाण्यातला 'मी' कोण?

किंकीच्या विनोदी गाण्याचे तीन भाग वेगळे करून पाहता येतात: चाल, बोलणारा आणि विषय. चाल आनंदी, अगदी जत्रेतली. विषय भयंकर. आणि बोलणारा असा, की त्याला आपण काय बोलतोय याचा पत्ता नाही. तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात आणि त्या ताणातून हसू येतं. हसून झाल्यावर मग आपण कशाला हसलो याची लाज.

उदाहरण घेऊ. १ ऑगस्ट १९६६ ला चार्ल्स व्हिटमन या माजी मरीन सैनिकाने टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावर चढून खालच्या लोकांवर गोळीबार केला. किंकीने त्याच वर्षी त्याच विद्यापीठातून पदवी घेतली होती. त्याने या घटनेवर पोवाड्याच्या थाटाचं गाणं केलं आणि त्याला टाळ्या वाजवत म्हणावी अशी चाल दिली. व्हिटमन लहानपणी ईगल स्काउट होता, म्हणजे स्काउटमधला सर्वांत वरचा मान मिळवलेला गुणी मुलगा. गाण्यातला आवाज हे कौतुकाने सांगत राहतो. टिंगल कुणाची? मेलेल्यांची नक्कीच नाही. 'एवढा चांगला मुलगा हो, असं कसं केलं' म्हणणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची, आणि असल्या बातम्या चवीने वाचणाऱ्या सगळ्यांची.

मराठी माणसाला ही युक्ती अजिबात परकी नाही. एकनाथांच्या भारुडात बोलणारा कधी आंधळा असतो, कधी जोगवा मागणारी, कधी विंचू चावलेला. नाथांना खरोखर विंचू चावला होता असं कीर्तनाला बसलेलं शेंबडं पोरही समजत नाही. सोंग घेतलंय हे सांगणाऱ्याला माहीत, ऐकणाऱ्यालाही माहीत. सगळा खेळ त्या उभयपक्षी मान्य करारावर चालतो.

१९७३ च्या पहिल्या अल्बमचं शीर्षकगीत, 'सोल्ड अमेरिकन', हे या कारागिरीचं दुसरं टोक. तंबाखूच्या लिलावात अडत्या भरभर बोली ओरडतो आणि माल अमेरिकन टोबॅको कंपनीने घेतला की शेवटी 'सोल्ड अमेरिकन' अशी आरोळी देतो. रेडिओवरच्या सिगारेटच्या जाहिरातीमुळे ती आरोळी देशभर पाठ झाली होती. मार्केट यार्डात कांद्याचा ढीग पुकारतात, तशा आरोळीत किंकीने एका उतरत्या काळातल्या गायकाची कहाणी बसवली. नाव विनोदी, आत हुंदका.

आणि त्याचं सगळ्यांत मोठं गाणं, माझ्या मते तरी, त्याच अल्बममधलं 'राइड एम ज्यूबॉय'. नाव ऐकून माणूस हसायच्या तयारीने बसतो. चाल संथ, गुरं हाकताना काउबॉय गुणगुणतात तशी. आणि हळूहळू लक्षात येतं की हाकलली जाणारी गुरं नाहीत, माणसं आहेत. छावणीतून वर चढणारा धूर काउबॉयच्या शेकोटीचा नाही. नाझींच्या छळछावण्यांबद्दल गाण्यात एकदाही थेट शब्द नाही. विनोदाचं आमिष दाखवून शेवटपर्यंत विनोद न देणं, हे धाडस फार थोड्यांना जमतं. १९९८ साली किंकीची गाणी इतर गायकांनी गाऊन एक अल्बम निघाला, तेव्हा हे गाणं विली नेल्सन या टेक्सासच्या बड्या कंट्री गायकाने गायलं.

## पण शिवी ती शिवीच ना?

हा आक्षेप बरोबर आहे, आणि तो झटकून टाकता येत नाही.

१९७४ च्या अल्बममधल्या एका गाण्यात बारमध्ये बसलेला एक वंशद्वेष्टा ज्यूंना, काळ्यांना, सगळ्यांनाच शिव्या घालतो आणि शेवटी गाण्यातल्या ज्यू नायकाच्या हातचा मार खातो. शिव्या खलनायकाच्या तोंडी आहेत. पण त्या पूर्ण उच्चारल्या जातात, आणि त्या गायच्या तर गायकालाच लागतात. बायकांनी स्वयंपाकघर आणि शेज सांभाळावी असं बजावणारं त्याचं गाणं तर स्त्रीमुक्तीवाल्यांना चिडवायलाच केलेलं. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या संघटनेने त्याला 'पुरुषी डुक्कर' अशा अर्थाची पदवी बहाल केली. त्याने ती मिरवली.

सोंग तीन ठिकाणी फसतं. ऐकणाऱ्याला सोंग आहे हेच कळलं नाही, तर शिवी थेट लागते. ऐकणारा मुळातच द्वेष्टा असेल, तर तो खलनायकाला न हसता त्याच्याबरोबर हसतो. किंकीच्या कार्यक्रमांत असे लोक नसतील असं मानणं भाबडेपणाचं होईल. आणि तिसरं म्हणजे ओळ गाण्यातून कापून बाहेर काढली, की बोलणारा गळून पडतो आणि उरतो फक्त गायक. हे तिसरं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ऑस्टिन शहरातल्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर 'ऑस्टिन सिटी लिमिट्स' हा गाण्यांचा कार्यक्रम आजही चालतो. त्यासाठी १९७५ साली किंकीचा कार्यक्रम चित्रित झाला, पण दाखवलाच गेला नाही. फार झोंबणारा म्हणून तो डब्यात राहिला, आणि २००७ साली डीव्हीडी म्हणून बाहेर आला.

## दोन पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांचा मित्र

१९७६ मध्ये तो बॉब डिलनच्या दौऱ्यात होता, मग न्यूयॉर्कमध्ये लोन स्टार कॅफेत गात राहिला. गाण्यांचा बाजार बसला तेव्हा रहस्यकथा लिहायला घेतल्या. पहिली १९८६ ची. या कथांतल्या गुप्तहेराचं नाव किंकी फ्रीडमन. तोही माजी कंट्री गायक, तोही सिगार ओढणारा. इथे सोंग आणि सोंग घेणारा यांच्यातली भिंत आणखी पातळ झाली.

याच कथांनी त्याला व्हाइट हाउसपर्यंत नेलं. क्लिंटन त्यांचे वाचक होते. बुश टेक्सासचे गव्हर्नर असल्यापासूनची ओळख. दोघांच्याही काळात तो पाहुणा म्हणून तिथे जाऊन आला. क्लिंटनना त्याने क्युबाचा सिगार दिला, अशी गोष्ट तो रंगवून सांगायचा. क्युबाशी व्यापाराला अमेरिकेत बंदी. तर किंकीचं म्हणणं, आपण त्यांच्या अर्थव्यवस्थेला मदत करत नाही, त्यांची शेतं जाळतोय.

अशा ओळखींचा राजकारणात उपयोग किती? दरबारात विदूषकाला सगळीकडे जायला मोकळीक असते, कारण तो गादी मागत नाही. मागितली की हिशेब बदलतो.

त्याने ती आधी लहान प्रमाणात मागून पाहिली होती. १९८६ मध्ये कर्व्हिल इथे रिपब्लिकन पक्षाकडून 'जस्टिस ऑफ द पीस' या पदासाठी. हे सर्वांत खालचं न्यायालय: वाहतुकीचे दंड, भाडेकरूंचे वाद, छोट्या रकमांचे दावे, लग्नं लावणं. वकिलीची पदवी लागत नाही. तेव्हा देशभर महामार्गावर ताशी ५५ मैलांची मर्यादा होती. निवडून आलो तर ती ५४.९५ करीन, हे याचं आश्वासन. बाटाच्या दुकानातली किंमतच की. पडला.

## 'कितीसं अवघड असणार?'

३ फेब्रुवारी २००५ ला सॅन अँटोनिओत, टेक्सासच्या अस्मितेचं ठाणं असलेल्या अलामोसमोर उभं राहून त्याने गव्हर्नरपदाची उमेदवारी जाहीर केली. घोषणा दोन: 'हाउ हार्ड कुड इट बी?' म्हणजे कितीसं अवघड असणार, आणि 'व्हाय द हेल नॉट?' म्हणजे का नाही बुवा?

पहिल्या घोषणेत एक घटनात्मक सत्य दडलेलं आहे. टेक्सासची घटना १८७६ ची. यादवी युद्धानंतर उत्तरेच्या जोरावर बसलेल्या सरकारचा राग मनात ठेवून ती लिहिली गेली, म्हणून गव्हर्नरचे हात मुद्दाम बांधून ठेवले. उपगव्हर्नर वेगळा निवडून येतो आणि राज्याच्या सिनेटवर सत्ता त्याची चालते. राज्याचा महाधिवक्ता, हिशेबखात्याचा प्रमुख, जमीन आयुक्त, कृषी आयुक्त, हेही वेगवेगळे निवडून येतात. गव्हर्नर त्यांना काढू शकत नाही. विधिमंडळाचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवसांचं. दर १४० वर्षांनी दोन दिवस बसलं तर जास्त बरं, हा टेक्सासातला जुना विनोद.

कार्यक्रम ना डावा ना उजवा. शाळांना पैसा जुगाराला परवानगी देऊन उभा करायचा. ऊर्जाखातं विली नेल्सनकडे, जैवइंधनासाठी. समलिंगी विवाहाला पाठिंबा, कारण बाकीच्यांइतकं दुःखी व्हायचा त्यांनाही हक्क आहे. शाळेत प्रार्थना हवी. सीमेवर नॅशनल गार्डचे, म्हणजे राखीव सैन्याचे, १० हजार जवान हवेत. यातलं कुठलं मनापासून आणि कुठलं टाळीसाठी, हे मतदाराला सांगता येत नव्हतं. गाण्यात ही गंमत असते, जाहीरनाम्यात अडचण.

## सह्यांचं गणित

आपल्याकडे विधानसभेला अपक्ष उभं राहायचं तर मतदारसंघातले दहा प्रस्तावक आणि १० हजार रुपये अनामत लागते. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी. टेक्सासात अपक्षाला सह्या लागतात, आणि किती? मागच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या एकूण मतांच्या एक टक्का. २००२ साली सुमारे ४५ लाख ५४ हजार मतं पडली होती, म्हणून २००६ साठी आकडा निघाला ४५,५४०.

आकडा फार नाही. खरी मेख अटींत आहे.

पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी आधी पक्षाची निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. टेक्सासात कुठलाही मतदार कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. पण ज्याने त्या वर्षी प्रायमरीत मत दिलं, त्याला अपक्षाच्या अर्जावर सही करता येत नाही. म्हणजे राजकारणात सर्वांत जास्त रस असलेले लोकच बाद. उरले ते घरी बसणारे. त्यांना शोधायचं, थांबवायचं आणि सही घ्यायची. म्हणून किंकीच्या गाड्यांमागे चिकटवलेली पट्टी होती: 'सेव्ह युवरसेल्फ फॉर किंकी', अर्थात प्रायमरीत जाऊ नका, स्वतःला राखून ठेवा. चावट अर्थ हवा तर घ्या. पण ती कायद्याच्या कलमाची अचूक जाहिरात होती, आणि त्याच्या सगळ्या घोषणांत हीच सर्वांत कामाची.

दुसरी अट वेळेची. प्रायमरीच्या दुसऱ्या दिवसापासूनच सह्या घेता येतात. त्या वर्षी प्रायमरी ७ मार्चला आणि शेवटची मुदत ११ मे, म्हणजे साधारण दोन महिने. गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नसती, तर दुसरी फेरी एप्रिलमध्ये झाली असती आणि सह्यांची सुरुवात त्यानंतर, हातात जेमतेम महिनाभर. ते संकट टळलं.

तिसरी अट कागदाची. प्रत्येक सहीबरोबर तारीख, सुवाच्य नाव, पत्ता, काउंटी (म्हणजे जिल्हा), आणि जन्मतारीख किंवा मतदार क्रमांक. सह्या गोळा करणाऱ्याने प्रत्येक भागासाठी शपथपत्र नोटरीसमोर करायचं. एका माणसाने दोन अपक्षांना सही दिली तर आधीची धरतात. त्या वर्षी दुसऱ्या तगड्या अपक्ष होत्या कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न, राज्याच्या हिशेबखात्याच्या प्रमुख, मूळच्या रिपब्लिकन. त्यांची माणसंही त्याच बाजारांत, त्याच जत्रांत फिरत होती.

किंकीने दाखल केल्या १,६९,५७४ सह्या. तपासणीत टिकल्या १,३७,१५४. दर पाचांतली जवळपास एक सही बाद. नोंदणी नसलेले, जुना पत्ता देणारे, प्रायमरीत मत देऊन विसरलेले, सगळे यात येतात. म्हणून असल्या कामात गरजेपेक्षा निदान दीडपट सह्या घ्यायच्या असतात. याने जवळजवळ पावणेचार पट आणल्या. टिंगलखोर उमेदवाराने कागदपत्रं इतकी चोख केली, हे त्याच्या टीकाकारांनाही मान्य करावं लागेल.

यापुढचा वाद नावाचा. टेक्सासच्या मतपत्रिकेवर टोपणनाव छापता येतं: एकच शब्द, दहा अक्षरांहून मोठा नाही, निदान तीन वर्षं लोकांत रुळलेला, आणि प्रचाराची घोषणा नसलेला. किंकीचं 'किंकी' चाललं. स्ट्रेहॉर्नबाईंना 'ग्रँडमा' हवं होतं, ते घोषणा ठरवून नाकारलं.

## 'पण जेसी व्हेंचुरा तर निवडून आला होता!'

हो, १९९८ साली मिनेसोटात. माजी कुस्तीगीर, तिसऱ्या पक्षाचा, ३७ टक्के मतांवर गव्हर्नर. किंकीने व्हेंचुराची प्रचारफळीच आणली आणि खुद्द व्हेंचुराही त्याच्यासाठी फिरला. मग तेच औषध इथे का लागू पडलं नाही?

कारण रोगी वेगळा. मिनेसोटात मतदानाच्या दिवशी केंद्रावरच नाव नोंदवून मत देता येतं. शेवटच्या आठवड्यात उसळलेली तरुणांची लाट थेट पेटीत उतरली. टेक्सासात नोंदणी ३० दिवस आधी बंद होते. ऑक्टोबरच्या शेवटी ज्याला किंकी आवडायला लागला, त्याला घरी बसून आवडून घ्यावं लागलं.

मिनेसोटात प्रचाराला सार्वजनिक निधी मिळतो, टेक्सासात नाही. किंकीने स्वतःची बोलणारी बाहुली विकून पैसे उभे केले. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे आपल्याकडे आजी सांगते.

त्यात तेव्हा टेक्सासात एका खुणेत सगळी मतं एकाच पक्षाला देण्याची सोय होती. गव्हर्नरपासून स्थानिक न्यायाधीशापर्यंत लांबलचक मतपत्रिका, वर एक चौकोन: सरळ रिपब्लिकन किंवा सरळ डेमोक्रॅट. अपक्षाला असा चौकोन कुठून असणार? ही सोय २०२० मध्ये गेली, किंकीच्या कामाची वेळ टळून चौदा वर्षं झाल्यावर. आणि सर्व प्रमुख उमेदवारांचा टीव्हीवरचा वादविवाद झाला एकच, ६ ऑक्टोबर २००६ ला. शुक्रवारची संध्याकाळ. टेक्सासात शुक्रवारी संध्याकाळी गावोगावी शाळांचे फुटबॉल सामने असतात; भारत-पाकिस्तान सामन्याच्या वेळी ग्रामसभा बोलावण्यासारखं.

## गाणी साक्षीला आली

त्या सप्टेंबरमध्ये १९८० च्या एका कार्यक्रमाची ध्वनिफीत बाहेर आली. त्यात किंकीने काळ्यांसाठीची शिवी वापरली होती. द्वेष्ट्याचं सोंग घेऊन बोललो, टिंगल द्वेष्ट्याचीच होती, हे त्याचं स्पष्टीकरण. पंचवीस वर्षांपूर्वीच्या खोलीतल्या प्रेक्षकांपुरता हा खुलासा पटण्यासारखाही आहे. पण फितीचा तुकडा कापून बातमीत आला तेव्हा बोलणारा गळला होता, आणि उरला होता गव्हर्नरपदाचा उमेदवार.

तेवढ्यावर भागलं असतं तर सोंगाचा बचाव चालला असता. पण त्याच सुमारास ह्यूस्टनमधल्या गुन्हेगारीबद्दल बोलताना, कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्समधून विस्थापित होऊन आलेल्यांना त्याने गर्दुल्ले आणि गुंड म्हटलं. तिथे ना चाल होती, ना पात्र. ते त्याचं स्वतःचं बोलणं होतं, आणि मग जुन्या फितीतलं सोंगही लोकांना सोंग वाटेनासं झालं. माझ्या मते त्याची निवडणूक इथे संपली.

## मग त्याने मतं फोडली का?

७ नोव्हेंबर २००६ चा निकाल: पदावर असलेले रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी ३९ टक्के, डेमोक्रॅट ख्रिस बेल २९.८, स्ट्रेहॉर्न १८.१, किंकी सुमारे १२.४, म्हणजे ५,४७,६७४ मतं. प्रायमरीत दुसरी फेरी असते, मुख्य निवडणुकीत नसते. ज्याची मतं सर्वांत जास्त तो जिंकला. आपल्यासारखंच.

किंकीची सगळी मतं बेलला जोडली तर ४२ टक्के होतात आणि पेरी हरतो. पण ही बेरीज कागदावरची. किंकीचे बरेच मतदार तो नसता तर केंद्रावर फिरकलेच नसते. त्याची निवडच तशा लोकांतून झाली होती, सह्यांच्या नियमाने. उरलेल्यांतही सीमेवर जवान मागणारे होते आणि समलिंगी विवाह मागणारेही. ते एकगठ्ठा कुणाकडे गेले असते असं म्हणायला आधार नाही. मतं विभागली हे खरं. फायदा पेरींना झाला हेही खरं. पण किंकीमुळे पेरी जिंकले हे सिद्ध होत नाही.

आपल्या नियमाने मोजायचं तर एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश, म्हणजे १६.६७ टक्क्यांहून जास्त मतं नसली की अनामत जप्त. स्ट्रेहॉर्नबाईंची वाचली असती, किंकीची गेली असती. टेक्सासात त्याआधी अपक्ष गव्हर्नर झाला होता तो १८५९ साली, सॅम ह्यूस्टन, ज्याच्या नावाने शहर आहे.

## पुन्हा, पेट्रोल पंपाकडून

२०१० आणि २०१४ मध्ये तो डेमोक्रॅट म्हणून कृषी आयुक्तपदाच्या प्रायमरीत उतरला. गायकाला कृषी आयुक्तपद कशाला, असं वाटेल. टेक्सासात हे खातं शेतीबरोबर वजनमापंही तपासतं. २०२० पर्यंत पेट्रोल पंपांची तपासणीही याच खात्याकडे होती; राज्यातल्या पंपांवर तपासणीचं लेबल असायचं, त्यावर आयुक्ताचं नाव. शाळांतलं जेवणही याच खात्याकडे. २०१४ ला किंकीचा मुख्य मुद्दा मात्र भांगेची शेती कायदेशीर करण्याचा होता. शेतकऱ्याला पीक मिळेल, राज्याला कर.

दोन्ही वेळा पडला. २०१४ ला दुसऱ्या फेरीत ज्याने हरवलं तो क्लीबर्नचा शेतकरी जिम होगन, ज्याने प्रचार केला नाही, पैसे जमवले नाहीत. चाळीस वर्षं गाजलेलं नाव एका अनोळखी नावापुढे हरलं. काही मतदारांनी तो नाव माहीत असल्यामुळेच नाकारला असावा. नशा न देणारी, धाग्यासाठीची भांग, म्हणजे हेंप, टेक्सासने २०१९ मध्ये कायदेशीर केली.

तोवर किंकी गाण्यांकडे परतला होता. त्याची कथा अशी: विली नेल्सनचा रात्री तीनला फोन आला, काय करतोस विचारलं, हा म्हणाला 'मॅटलॉक' ही जुनी वकिली मालिका बघतोय. विलीने सांगितलं, हे नैराश्याचं लक्षण, टीव्ही बंद कर आणि लिही. त्यातून २०१८ चा 'सर्कस ऑफ लाइफ' आला. बहुतेक गाणी संथ, म्हाताऱ्या माणसाची. 'मी' म्हणणारा तिथे बऱ्याच ठिकाणी किंकीच आहे, आणि त्याला हसवायची घाई नाही.